उपनगरांतील पुड्याचें अन्न आणि शेतकऱ्याचा हिशेब

मुंबईच्या बाजारभावाकडे आमच्या वाचकांचें नित्य लक्ष असतें. कांदा काय भावानें गेला, टोमॅटोची आवक किती झाली, हें कळल्यावांचून पुष्कळांचा दिवस सुरू होत नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं हा सर्व माल जातो त्या मुंबईकराच्या ताटांत हल्लीं काय पडतें, याची चौकशी आपण क्वचितच करतों. गिऱ्हाइकाची भूक ज्या वाटेनें जाते त्याच वाटेनें अखेर आपलें पीकही जातें. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील प्रौढ माणसांच्या आहारांत जो पालट झाला आहे, त्याचा विचार शेतकऱ्यांनींही करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा पालट म्हणजे पुड्याच्या अन्नाचा होय. अन्नाचे वर्ग त्यावर झालेल्या प्रक्रियेवरून पाडावे, ही कल्पना ब्राझील देशांतील साओ पावलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेरो यांनीं २००९ सालीं मांडली. त्यांच्या ‘नोव्हा’ नांवाच्या वर्गवारींत चार वर्ग आहेत. पहिल्यांत धान्य, डाळी, भाजीपाला, फळें, दूध व अंडीं येतात. दुसऱ्यांत तेल, तूप, मीठ, साखर. तिसऱ्यांत या दोहोंच्या मेळानें सिद्ध होणारे लोणचें, पनीर, भट्टींतला साधा पाव यांसारखे पदार्थ. आणि चौथ्यांत अतिप्रक्रियायुक्त पदार्थ. या चौथ्या वर्गांतील वस्तु धान्यापासून सरळ होत नाहींत. धान्य फोडून काढलेला स्टार्च, शुद्ध केलेलें तेल, साखरेचे पाक व दुधाची भुकटी यांची मोट बांधून, तींत कृत्रिम वास, रंग व इमल्सिफायर घालून त्या घडविलेल्या असतात. झटपट नूडल्स, थंड पेयें, नानाविध बिस्किटें, क्रीमचे केक, न्याहारीचे गोड सीरियल हीं त्याचीं नित्याचीं उदाहरणें आहेत.

प्रक्रिया म्हटली कीं ती वाईट, असें मात्र आमच्या वाचकांनीं समजूं नये. हळद शिजविणें, पोहे कांडणें, चुरमुरे भाजणें, कुरडया व सांडगे वाळविणें, दुधाचें दहीं लावणें, उसाचा गूळ करणें या सर्व प्रक्रियाच आहेत, आणि त्यांवांचून शेतमाल टिकता ना. भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. पुड्याच्या पाठीमागें घटकांची जी यादी छापलेली असते ती वाचावी. तींतील जिन्नस घरच्या स्वयंपाकघरांत सांपडण्याजोगे असतील तर चिंता नाहीं. ज्यांना नांवाऐवजीं ४७१, ६२७, ६३१ असे आंकडे दिलेले आहेत, असे जिन्नस त्यांत ओळीनें आढळले, तर तो पदार्थ बहुधा चौथ्या वर्गांतला समजावा.

उपनगरांना कारखानी खाद्य नवें नाहीं. विलेपार्ल्यास १९२९ सालीं पार्ले कंपनीनें कारखाना घातला व १९३९ पासून तेथें ग्लुकोजचें बिस्किट होऊं लागलें. तो जुना कारखाना २०१६ सालीं बंद झाला, तरी तें बिस्किट देशाच्या कानाकोपऱ्यांत पोंचलेलें आहे. त्या काळीं साष्टीच्या या भागांत भाताचीं खाचरें व भाजीचे मळे होते. अंधेरीपर्यंतचा मुलूख १९५० सालीं व दहिसर-मुलुंडपर्यंतचा १९५७ सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत गेला. १९४९ सालीं आरे येथें म्हशींचे गोठे वसले. खाचरें बुजून चाळी झाल्या व चाळी पडून मनोरे उभे राहिले, तरी पुष्कळ वर्षेंपर्यंत बिस्किट हें चहाबरोबर तोंडांत टाकावयाचें खाणें होतें. जेवण जेवणाच्या जागीं होतें. आतां पुडा जेवणाच्या जागीं येऊन बसला आहे, आणि आजचा प्रश्न त्यांतून निघतो.

केंद्र सरकारनें २०२२-२३ सालीं केलेल्या घरखर्चाच्या पाहणींत नागरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकीं शेंकडा १०.६४ हिस्सा पेयें, फराळ व तयार खाद्य यांवर गेला असें दिसून आलें. धान्यावरचा हिस्सा अवघा शेंकडा ३.६४ होता. पुढील वर्षीं तयार खाद्याचा हिस्सा ११.०९ झाला. यांत हॉटेलांतला चहा व जेवणही धरलेलें आहे, तेव्हां तो सर्व खर्च पुड्यांचा नव्हे. शिवाय रेशनचें धान्य मोफत मिळत असल्यानें धान्याचा आंकडा थोडा लहान दिसतो. हें सर्व वजा घातलें तरी सर्व धान्यांवर मिळून जितका पैसा जातो त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसा या खात्यावर जावा, ही गोष्ट धान्य पिकविणाऱ्यानें विसरण्यासारखी नाहीं.

प्रकृतीचा जमाखर्चही पाहूं. मुंबई महापालिकेनें जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनें २०२१ सालीं १८ ते ६९ वयाच्या माणसांची पाहणी केली. तींत शेंकडा ३४ जणांना रक्तदाब व शेंकडा १८ जणांना मधुमेह आढळला. पुरेशी भाजी व फळें न खाणारांचें प्रमाण शेंकडा नव्वदांहून अधिक भरलें. मंचर-नारायणगांवाकडून आणि नाशकाकडून रोज रात्रीं भाजीच्या गाड्या ज्या शहराकडे धांवतात, त्याच शहरांतील दहांपैकीं नऊ माणसांच्या पोटांत भाजी पुरेशी पडत नाहीं!

याचा दोष केवळ जिभेच्या चोचल्यांस देऊन मोकळें होणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पुडा एकटा येत नाहीं; तो एका विशिष्ट राहणीबरोबर येतो. बोरिवली किंवा मुलुंडहून कचेरीस जाणाऱ्या माणसाचे लोकलच्या गर्दींत दोन-तीन तास मोडतात. अंधेरीस १९७३ सालीं सीप्झची निर्यातवसाहत झाली, पुढें मरोळ, पवई व मालाड येथें परदेशांच्या घड्याळावर चालणाऱ्या कचेऱ्या निघाल्या; तेथें रात्रपाळी करणाऱ्यास भूक लागते ती मध्यरात्रीनंतर, जेव्हां घरचें गरम अन्न मिळण्याची वाट नसते. दिवसभर बैठक, अपुरी झोंप, व्यायामास जागा नाहीं, नवरा-बायको दोघेंही नोकरीस, आणि मोबाइलवर बोट टेकल्यास दहा मिनिटांत दाराशीं पुडा हजर, अशी ही सांखळी आहे. झोंप कमी झाली कीं गोड व तेलकट खाण्याची वासना वाढते. तसें खाल्लें कीं अंग जड होऊन हालचाल कमी होते. यांतला एकेक दुवा दुसऱ्यास ओढतो. स्वयंपाक हें एकट्या बाईचें काम, ही समजूत न सोडतां घरांत चूल पेटत नाहीं म्हणून तिलाच बोल लावणारे पुष्कळ भेटतात. जो कमावतो त्यानें रांधावयासही शिकावें, हें स्त्रीइतकेंच पुरुषासही लागू आहे.

कोणी म्हणेल कीं, मग दोष राहणीचा, अन्नाचा नव्हे. ही शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनींही ती घेतली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २० प्रौढ माणसांना चार आठवडे संस्थेंतच ठेवून घेतलें. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न व दोन आठवडे साधें अन्न, असा क्रम ठेविला. पुढें वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ व चोथा हीं सारखीं ठेविलीं होतीं, आणि हवें तितकें खाण्याची मुभा होती. राहणी तीच, माणसें तींच. तरी कारखानी अन्नावर तीं रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खात व दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढे. साध्या अन्नावर तितकेंच कमी होई. हा प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोग लहान होता हें खरें. परंतु २०२४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलनें सुमारें एक कोटि माणसांवरील अभ्यासांचा जो एकत्र आढावा छापला, त्यांतही अशा अन्नाचा हृदयविकार, मधुमेह, चिंता आदि ३२ व्याधींशीं व परिणामांशीं संबंध दिसून आला. संबंध दिसला म्हणजे प्रत्येक ठिकाणीं कारणच सिद्ध झालें असें नव्हे. तथापि धूर इतक्या ठिकाणीं दिसत असतां विस्तव नाहींच असें म्हणत बसणें शहाणपणाचें नाहीं.

या अन्नाशीं टक्कर देणारी एक संस्था मुंबईंत आहे, आणि ती आपल्याच माणसांनीं उभी केलेली आहे. १८९० सालीं महादेव हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याचा जो व्यवसाय सुरू केला, तो पुढें खेड, आंबेगांव, जुन्नर, मावळ व मुळशी येथील शेतकऱ्यांच्या मुलांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ चालविला. उपनगरांतील घरीं शिजलेली पोळीभाजी फोर्टांतल्या मेजावर वेळेवर पोंचविणें, एवढेंच त्यांचें काम. पण त्या कामामुळें लक्षावधि नोकरदारांचें दुपारचें जेवण घरचें राहिलें. सुमारें पांच हजार डबेवाले दोन लाखांच्या आसपास डबे नेत असत. २०२० च्या साथींत कचेऱ्या बंद पडल्या, त्यानंतर डब्यांची व डबेवाल्यांची संख्या पुष्कळच रोडावली. जेथें घरचा डबा थांबतो, तेथें बहुधा पुडाच शिरतो.

आतां आपल्या हिशेबाकडे वळूं. आमच्यापैकीं पुष्कळांना वाटतें कीं, हे कारखाने शेतमालाचे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यावर टीका करणें म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणें होय. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावरचा बटाटा चिप्सच्या कारखान्यांस जातो, व करारानें ठरलेला भाव कित्येकांना बाजारांतल्या चढउतारापेक्षां बरा वाटतो. आपल्या राज्यांतील ऊस-उत्पादकांचें तर बोलणेंच नको. साखरेचा मोठा हिस्सा घरच्या डब्यांत न जातां मिठाई, बिस्किटें व पेयें करणारांकडे जातो. ही गोष्ट झांकून ठेवून शहरवासीयांस उपदेश करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

परंतु पुड्यांत काय आहे हें नीट पाहिलें, तर हें गिऱ्हाईक आपल्याला वाटतें तितकें आपलें नाहीं. झटपट नूडल्सच्या पुड्यांतील मुख्य जिन्नस दोन, मैदा आणि पाम तेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें, आणि त्यांत पामतेल पुष्कळ असतें. म्हणजे आपल्या भुईमुगाची, करडईची व तिळाची जागा इंडोनेशिया-मलेशियाच्या ताडानें घेतली. मैदा गव्हाचा, तेव्हां ज्वारी, बाजरी व नाचणी यांना त्या दारांत प्रवेशच नाहीं. महाराष्ट्रांत एके काळीं साठ लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होत असे. आज तिचें क्षेत्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेंही राहिलेलें नाहीं. याला सोयाबीन, कपाशी, ऊस, मजुरीची टंचाई व रेशनचा गहूं हीं कारणें आहेतच. पण खाणाराची संवय सुटली हेंही त्यांतलें एक कारण आहे. ज्वारी गेली कीं कडबा जातो, आणि कडबा गेला कीं गोठा ओस पडतो, हें कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावयास नको.

कारखान्याला मैदाच कां हवा, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकला म्हणजे त्यांतील स्निग्धांश जातो व पीठ महिनोगणती टिकतें. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. ज्वारीच्या पिठाला विरी जाते व भाकरी थापतांना मोडते. ताजेपणा हा भाकरीचा प्राण, आणि कारखान्याच्या दृष्टीनें तोच तिचा दोष! जें टिकत नाहीं तें लांब पाठवितां येत नाहीं व त्याची जाहिरातही परवडत नाहीं. परंतु कारखान्याची जी अडचण, तीच शेतकरी-संघांची संधि होऊं शकते. कारण मोहोळची मालदांडी किंवा मंगळवेढ्याची ज्वारी धान्याच्या रूपानें महिनोन्महिने उत्तम राहते, व दळणाची गिरणी मुलुंड-घाटकोपरच्या गल्लीगल्लींत अजून चालू आहे.

पुड्याचा हा प्रश्न मुंबईच्या वेशीपाशीं थांबलेला नाहीं. वर सांगितलेल्या पाहणींत ग्रामीण कुटुंबाचाही तयार खाद्य व पेयें यांवरचा खर्च शेंकडा ९.६२ व धान्यावरचा ४.९१ निघाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटि १० लक्ष मधुमेही आहेत. शिवाय १३ कोटि ६० लक्ष लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांचें प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखें आहे. शेतांत राबणाऱ्याला मधुमेह होत नाहीं, ही जुनी समजूत आतां सोडून दिली पाहिजे. ट्रॅक्टर आला, मोटरसायकल आली, अंगमेहनत कमी झाली. न्याहारीची शिळी भाकर व दहीं जाऊन चहा-बिस्किट आलें. पाहुण्यापुढें ताकाऐवजीं बाटलींतलें रंगीत पाणी ठेवण्यांत प्रतिष्ठा वाटूं लागली. स्वतःचें दूध संघाला घालून पोरांच्या हातीं दहा रुपयांचा पुडा देणारीं घरें आमच्या वाचकांच्या गांवांतही असतील. अशा घरांनीं आपल्या हिशेबाची वही एकदां उघडून पाहावी.

सरकारच्या धोरणांतही एक विसंगति आहे. जानेवारी २०२५ मधील आर्थिक पाहणी अहवालानें अतिप्रक्रियायुक्त अन्नावर अधिक कर बसवावा व पुड्यावर स्पष्ट इशारा छापावा असें सुचविलें. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानेंही पुड्याच्या दर्शनी बाजूवरील माहितीचे नियम पुरे करण्यास मुदत घालून दिली. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटें, चॉकलेट, फरसाण व झटपट नूडल्स यांवरील वस्तु व सेवा कर बारा-अठरा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला. साखरेच्या फसफसणाऱ्या पेयांवर चाळीस टक्के ठेविले व पोळी-रोटी करमुक्त केली, हें योग्यच झालें. तथापि एखाद्या शेतकरी-कंपनीनें ज्वारीचें पीठ नांवानिशीं पिशवींत भरून विकलें तर त्यावर पांच टक्के, आणि क्रीमच्या बिस्किटांवरही पांचच टक्के, हा न्याय आमच्या समजुतीस येत नाहीं. ज्या करामुळें भाकरी व बिस्किट एका पंक्तीस बसतात, तो कर पुन्हां तपासला गेला पाहिजे.

दुसऱ्या देशांनीं काय केलें हें पाहिल्यास मार्ग सुचतो. चिली देशानें २०१६ पासून साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक अधिक असलेल्या पुड्यांवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची सक्ति केली. ब्राझीलनें २००९ सालीं कायदा करून शाळांतील जेवणासाठीं मिळणाऱ्या केंद्रीय पैशांपैकीं निदान शेंकडा ३० रक्कम लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्च व्हावी असें ठरविलें. मुलांस ताजें अन्न व शेतकऱ्यास खात्रीचें गिऱ्हाईक, असे दोन हेतु एकाच तरतुदीनें साधले. मुंबई महापालिकेच्या शाळा, रुग्णालयें व वसतिगृहें यांतील जेवणासाठीं असा नियम करण्यास काय हरकत आहे?

सरकार करील तेव्हां करो. आपण स्वतः काय करूं शकतों, तेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. २०१६ सालीं फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा झाला व मुंबईंत शेतकरी आठवडे बाजार भरूं लागले. या बाजारांत भाजीबरोबर निवडलेली ज्वारी, बाजरी, नाचणी, हातसडीचा तांदूळ, मटकी व शेंगदाणे ठेवावे. उपनगरांतील मोठ्या गृहसंस्थांशीं शेतकरी-संघांनीं वर्षाच्या धान्याचे करार करावे व दळण्याची व्यवस्था तेथल्याच गिरणीशीं लावून द्यावी. पार्ले, मुलुंड व बोरिवली येथें पोळीभाजीचीं केंद्रें चालविणाऱ्या बायकांस धान्य व भाजी थेट पुरवावी. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं गिरणगांवांतल्या खानावळवाल्या बायकांचें अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून, रांधणाऱ्या हातांना पत व भांडवल मिळालें म्हणजे काय होऊं शकतें हें दाखवून दिलेलें आहे. वेळ नसलेल्या माणसास उपदेशानें भाकरी मिळत नाहीं. ती कोणीतरी थापून त्याच्या वाटेवर ठेवावी लागते. रात्रपाळीच्या कचेऱ्यांजवळ मध्यरात्रीं गरम पिठलें-भाकरी मिळूं लागली, तर पुड्याची सद्दी तेथें पुष्कळ उतरेल.

हें काम सोपें नाहीं, हें आम्ही जाणून आहों. पुडा स्वस्त आहे, टिकाऊ आहे, व त्याच्यामागें जाहिरातीचें अपार बळ आहे. आपल्याजवळ तितका पैसा नाहीं. पण जो माल आपल्याजवळ आहे तो खरा आहे व त्याची आठवण उपनगरांतील पुष्कळ घरांत अजून जिवंत आहे, कारण तीं घरें घाटावरूनच व कोंकणांतूनच गेलेलीं आहेत. ही पिढी संपण्याच्या आंत हालचाल केली पाहिजे. ज्यांनीं भाकरी लहानपणीं खाल्लीच नाहीं, त्यांना ती विकणें आजच्यापेक्षां फारच कठीण जाईल.

आमच्या वाचकांनीं आपल्या संघाच्या पुढच्या सभेंत हा विषय अवश्य काढावा. आणि त्या सभेस चहाबरोबर काय ठेवावयाचें, तेंही त्याच वेळीं ठरवावें. शेंगदाणे व गूळ हा जिन्नस घरचा आहे, आणि त्याचा पैसाही गांवांतच राहतो.